हिंगाचं फूल

मोहरी, हळद, मिरची, कोथिंबीर. आपल्या फोडणीतल्या बहुतेक जिनसांचं रोप मराठी माणसानं कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. आजोळच्या परसात, एस.टी.च्या खिडकीतून दिसणाऱ्या शेतात, निदान गॅलरीतल्या कुंडीत तरी. हिंगाचं तसं नाही. डबीतली पिवळसर पूड किंवा घट्ट तपकिरी खडा यापलीकडे हिंगाला काही रूप असेल, त्याला पानं-मुळं असतील, त्यालाही ऋतू कळत असतील, हे सहसा मनात येत नाही. तो खाणीतून निघतो की झाडातून, हेही अनेकांना सांगता येत नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. हिंग सर्वाधिक खाणाऱ्या आपल्या देशात परवापरवापर्यंत हिंगाची शेती अशी नव्हतीच.

हा लेख त्या रोपाविषयी आहे, आणि विशेषतः त्याच्या फुलाविषयी. हिंग महाग का, त्यात इतकी सरमिसळ का, तो आपल्याकडे पिकत का नाही, आणि पुढच्या पिढ्यांना तो मिळत राहील का, या प्रश्नांच्या मागे मागे गेलं की आपण त्या फुलापाशी येऊन पोचतो. हिंगाचं रोप आयुष्यात एकदाच फुलतं आणि मरतं. हिंग काढणारा माणूस त्या फुलाच्या जरासं आधी तिथे पोचलेला असतो.

हिंगाचं कूळ मात्र आपल्या चांगल्या ओळखीचं आहे. गाजर, कोथिंबीर, शेपू, जिरं, शहाजिरं, ओवा, बडीशेप ही सगळी त्याची भावंडं. वनस्पतिशास्त्रात या कुळाला एपिएसी म्हणतात, मराठीत चामर कुल. जगभर त्याच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती आहेत. कोथिंबिरीची जुडी आणायला उशीर झाला आणि वाफ्यातली कोथिंबीर फुलावर आली, की या कुळाची खूण दिसते. एका बिंदूतून निघालेले अनेक देठ, प्रत्येक देठाच्या टोकाला पुन्हा एका बिंदूतून निघालेले बारीक देठ आणि त्यांच्या टोकांवर इवली फुलं. छत्रीच्या काड्यांवर पुन्हा लहान छत्र्या, अशी ही रचना. दुसरी खूण फळात. आपण ज्यांना जिऱ्याचे, धण्याचे दाणे म्हणतो ती खरं तर फळं असतात आणि वाळल्यावर ती उभी दुभंगतात. एक धणा दोन बोटांत जरा दाबून पाहावा, सारखे दोन अर्धे हातात येतात. त्या फळाच्या सालीत तेलाच्या बारीक नलिका असतात. जिऱ्याचा, ओव्याचा, बडीशेपेचा वास तिथे राहतो.

या कुळात विषही आहे. सॉक्रेटिसला जे प्यायला दिलं ते हेमलॉक याच कुळातलं. आणि आपल्या सह्याद्रीचं स्वतःचं असं एक रत्नही आहे. पावसाळ्यात घाटमाथ्यावरच्या उतारांवर, कास पठाराच्या परिसरात पांढऱ्या छत्र्यांनी फुलणारा पंद. त्याच्या वंशाचं शास्त्रीय नावच पिंडा आहे आणि हा वंश पश्चिम घाटाबाहेर कुठेही नाही. पंदाचा कंद जमिनीत टिकून राहतो आणि पावसाबरोबर पुन्हा वर येतो. हिंगाला दुसरी संधी नाही.

हिंग ज्या वंशातून मिळतो त्याचं नाव फेरुला. भूमध्य समुद्राच्या काठापासून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून मध्य आशियाच्या वाळवंटांपर्यंत आणि काश्मीर-लाहौलच्या डोंगरांपर्यंत या वंशाच्या दोनशेच्या आसपास जाती पसरल्या आहेत. कोरडा उन्हाळा, थंड हिवाळा आणि वसंतात मिळणारा थोडाफार ओलावा, हा बहुतेकांचा मुलूख. या हवामानाकडे पाहिलं की फेरुलाची शरीररचना आपोआप उलगडते.

पहिली काही वर्षं हे रोप जमिनीलगतच असतं. वसंतात बर्फ वितळलं की पानांचा एक झुबका वर येतो. पानं मोठी, पुन्हा पुन्हा चिरलेली, हिंगाच्या जातींत जरा जाडसर आणि राखाडी हिरवी, आणि त्यांच्या देठांची बुडं रुंद होऊन एकमेकांना कवटाळून बसलेली. नुकती फुटणारी पानं कोबीच्या गड्ड्यासारखी दिसतात. दोनतीन महिने ती ऊन खातात आणि उन्हाळा तापायच्या आत पिवळी पडून सुकून जातात. उरलेलं वर्षभर जमिनीवर काहीच नसतं. सारा कारभार खाली, सोटमुळात. दर वसंतात पानांनी केलेली कमाई त्या मुळात साठत जाते. मूळ जाड होतं, मुळ्यापेक्षा, गाजरापेक्षा कितीतरी जाड, आणि त्याच्या माथ्यावर जुन्या पानांच्या तंतूंचं जाडजूड केसाळ आवरण तयार होतं. अशी पाच वर्षं जातात, कधी आठ, कधी दहा-बारा. जागा किती कोरडी आणि जमीन किती पातळ यावर ते अवलंबून.

मग एका वसंतात पानांच्या मधोमध खोड उठतं. काही आठवड्यांत ते माणसाच्या उंचीवर जातं. वर्षानुवर्षं साठवलेलं सगळं त्या एका चढणीत खर्च होतं. टोकावर पिवळ्या फुलांच्या संयुक्त छत्र्या उघडतात. यातही एक नेमकी व्यवस्था आहे. मुख्य, मधल्या छत्रीतली फुलं पुंकेसर आणि अंडाशय दोन्ही असलेली, फळ धरणारी. तिच्या बाजूंच्या छत्र्यांमधली फुलं बहुतांशी नर. ती परागकण देतात, कीटक बोलावतात आणि गळून जातात. एकेक फूल अगदी लहान. पाच पाकळ्या, पाच पुंकेसर, आणि मध्ये मधाची ओलसर गादी, जिच्यावर माश्या आणि लहान मधमाश्या सहज बसू शकतात. एवढ्या मोठ्या रोपाला एवढी लहान फुलं का, असा प्रश्न पडतो. पण ओसाड माळावर थोडे दिवस टिकणाऱ्या वसंतात जो कुणी उडता कीटक येईल त्याला बसता आलं पाहिजे. एखाद्याच पाहुण्याची वाट पाहणं या रोपाला परवडणारं नाही.

फळं चपटी, कडांना पंखासारखी पातळ किनार असलेली, वाऱ्यावर जाणारी. फळं पिकली की मूळ पोकळ होऊन जातं. रोप संपलं. पुढच्या वर्षी तिथून काही उगवत नाही. बी मात्र सहजी रुजत नाही. थंड ओल्या मातीत आठवडेच्या आठवडे राहिल्याशिवाय त्याची झोप मोडत नाही, आणि मोडली तरी फार थोड्यांची मोडते.

या वंशातल्या खोडाला माणसाच्या इतिहासात वेगळी जागा आहे. भूमध्य प्रदेशात सर्रास वाढणारी फेरुला कम्युनिस ही जात तीन मीटरपर्यंत जाते. तिचं खोड बाहेरून कडक आणि आत मऊ, हलक्या गराचं. वाळलेल्या खोडातल्या गराला ठिणगी लावली की तो ज्योत न धरता आतल्या आत सावकाश धुमसत राहतो आणि बाहेरची साल जळत नाही. ग्रीक पुराणकथेत प्रॉमिथियसनं देवांकडून अग्नी चोरून आणला तो याच खोडात लपवून. हेसिअडनं तसं लिहून ठेवलं आहे. १७००च्या सुमारास ग्रीक बेटांवर फिरलेला फ्रेंच वनस्पतिज्ञ तूर्नफोर यानं या खोडातून विस्तव नेण्याची पद्धत प्रत्यक्ष चालू असलेली पाहिली. कथा रचणाऱ्यांनी वनस्पती नीट पाहिलेली होती. रोमन शाळामास्तरांच्या हातातली छडीही याच खोडाची असे. हलकी, लागणारी, पण हाड न मोडणारी. या जातीची दुसरी बाजूही सांगायला हवी. सार्डिनियात ती चरणाऱ्या मेंढ्यांना अंतर्गत रक्तस्राव होतो, कारण तिच्या काही वाणांत रक्त गोठू न देणारं फेरुलेनॉल नावाचं रसायन असतं. एकाच वंशात औषध, मसाला आणि विष अशी शेजारशेजारची वस्ती आहे.

हे सगळे पदार्थ राहतात कुठे, तर नलिकांमध्ये. फेरुलाच्या मुळात, खोडात, पानांच्या देठांत चिकट दुधी रसाच्या नलिकांचं जाळं असतं. मूळ चिरलं की रस बाहेर येतो आणि हवेत घट्ट होतो. वाळवंटातल्या रोपाला मुळात साठवलेला ऐवज राखायचा असतो. कुरतडणारा उंदीर, पोखरणारी अळी, जखमेतून शिरणारी बुरशी या सगळ्यांपासून. तो दुर्गंधी, चिकट, जखम लिंपणारा रस म्हणजे त्या ऐवजाची राखण. आपण जो हिंग म्हणून खातो, तो हा वाळलेला रस.

त्या रसात राळ सर्वांत जास्त, साधारण चाळीस ते साठ टक्के. डिंक पाव हिस्सा. उडणारं तेल दहा-पंधरा टक्के. वास त्या तेलात आहे आणि तेलातला वास गंधकाच्या संयुगांचा आहे. हीच गोष्ट कांदा-लसणाच्या बाबतीत खरी. हिंगातली संयुगं आणि कांदा-लसणातली संयुगं रसायनशास्त्राच्या दृष्टीनं जवळची नातेवाईक आहेत, जरी त्या वनस्पतींचा एकमेकींशी काही संबंध नाही. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या घरात आमटीला, वरणाला हिंगाची चिमूट जरा सढळ पडते. जैन स्वयंपाकात आणि नैवेद्याच्या ताटातही तेच. प्रयोगशाळेत कुणी सिद्ध करण्याच्या कितीतरी आधी आपल्या आज्या-पणज्यांच्या जिभेनं हे नातं ओळखलं होतं, आणि मला ते फार मोठं निरीक्षण वाटतं.

फोडणीत हिंग घालण्यालाही कारण आहे. राळ आणि वासाची संयुगं तेलात विरघळतात, पाण्यात नीट विरघळत नाहीत. गरम तेलात उग्र वास काही अंशी उडून जातो आणि मागे राहते ती गोलसर खमंग चव. उलट खडा पाण्यात भिजवला तर डिंक विरघळतो, राळ त्यात बारीक तरंगत राहते आणि पाणी दुधासारखं पांढरं होतं. बाळाचं पोट दुखलं की बेंबीभोवती लावायचा तो हाच हिंग. हिंग्वष्टक चूर्णाचे आठ घटक आठवून पाहावेत. सुंठ, मिरी, पिंपळी, सैंधव, आणि मग अजमोदा, जिरं, शहाजिरं, हिंग. शेवटचे चारही एकाच चामर कुलातले. आठातले चार घटक एका कुळातून निवडणाऱ्या वैद्यांकडे कुळांचं वर्गीकरण आजच्या अर्थानं नव्हतं, पण वास, चव आणि गुण यांवरून ते त्याच दारात जाऊन उभे राहिले होते.

हिंगाच्या राळेतून १८६६ साली दोन रसायनशास्त्रज्ञांनी, ह्लाझिवेट्झ आणि बार्थ यांनी, एक आम्ल वेगळं काढलं. वंशाच्या नावावरून त्याचं नाव फेरुलिक आम्ल पडलं. पुढे ते गव्हाच्या, तांदळाच्या कोंड्यात, किंबहुना असंख्य वनस्पतींच्या पेशीभिंतींत सापडलं. आज चेहऱ्याला लावायच्या महागड्या सीरमच्या बाटलीवर ते नाव छापलेलं असतं.

आता हिंग काढण्याकडे येऊ. युरोपातल्या वाचकांना ही प्रक्रिया पहिल्यांदा नीट सांगितली ती एंगेलबर्ट केंफर या जर्मन वैद्य-प्रवाशानं. १६८०च्या दशकात तो इराणमध्ये होता. दक्षिणेकडच्या लारिस्तान भागातल्या डोंगरांत त्यानं गावकऱ्यांना हिंग काढताना पाहिलं, चित्रं काढली, आणि १७१२ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात ते सगळं मांडलं. त्यानं सांगितलेली रीत थोड्याफार फरकानं आजही तीच आहे.

फुलाचा दांडा निघालेला नाही, पण मूळ पुरेसं जाड झालं आहे, असं रोप निवडायचं. वसंत सरता सरता, पानं पिवळी पडू लागली की मुळाभोवतीची माती उकरून माथा उघडा करायचा. पानं उपटून टाकायची. मग मुळाचा माथा आडवा छाटायचा. छाटलेल्या तोंडावर रस जमू लागतो. त्यावर थेट ऊन पडलं तर तो बिघडतो, म्हणून काटक्या, पानं, माती यांची घुमटी करून वर सावली करायची. काही दिवसांनी येऊन जमलेला चीक खरवडून घ्यायचा आणि मुळाची आणखी एक पातळ चकती कापायची, म्हणजे नवं तोंड उघडतं. पुन्हा सावली, पुन्हा काही दिवस. मूळ कोरडं पडेपर्यंत, सुमारे तीन महिने, ही फेरी चालते. १८५७ साली कंदाहारला गेलेल्या इंग्रज वैद्य बेल्यूनं लिहिलं आहे की एका मुळातून कधी थोडे औंस, कधी दोन पौंडांपर्यंत चीक निघतो. पिठाची आणि जिप्समच्या भुकटीची भेसळ तिथेच, उगमापाशीच होते, हेही त्यानं नोंदवलं आहे.

मुळात वर्षानुवर्षं साठवलेलं जे काही फुलाच्या दांड्यात जाणार होतं, ते जाण्याच्या बेतात असतानाच मूळ छाटलं जातं. आधी छाटलं तर मूळ बारीक असतं, चीक हाती लागत नाही. नंतर छाटलं तर सगळं फुलाफळांत खर्च झालेलं असतं. योग्य वेळ एकच, आणि ती वेळ साधली की फूल नाही, फळ नाही, बी नाही. कढीपत्त्याची पानं तोडली तर झाड पुन्हा फुटतं. जिऱ्याचं पीक काढलं तरी पुढच्या पेरणीला बी उरतं. दालचिनीची साल काढली तरी बुंध्याला नवे कोंब येतात. मसाल्यांमध्ये हिंगाइतका एकतर्फी व्यवहार मला दुसरा दिसत नाही.

या व्यवहाराचा शेवट काय होऊ शकतो, याची कथा बहुधा याच वंशात एकदा घडून गेली आहे. आजच्या लिबियाच्या किनाऱ्यावर सायरीन नावाचं ग्रीक नगर होतं. त्याची श्रीमंती सिल्फियम नावाच्या एका वनस्पतीवर उभी होती. तिच्या मुळाचा आणि खोडाचा चीक औषध आणि मसाला म्हणून भूमध्य समुद्राच्या चारी काठांना विकला जाई. सायरीनच्या नाण्यांवर तिचं चित्र असे. जाड खोड, रुंद बुडांची पानं, टोकाला गोल छत्र्या. ते चित्र पाहून ती चामर कुलातली, आणि बहुधा फेरुलाच असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. थिओफ्रास्टसनं लिहून ठेवलं आहे की तिची लागवड होत नाही, ती रानातच येते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनी लिहितो, की आपल्या आठवणीत तिचा एकच देठ सापडला आणि तो सम्राट नीरोला पाठवला गेला.

सिल्फियम दुर्मीळ होत गेलं तशी रोमन स्वयंपाकघरं पर्शियातून येणाऱ्या पर्यायाकडे वळली. तो पर्याय म्हणजे आपला हिंग. ग्रीक लोकांना त्याची ओळख आधीच झाली होती. सिकंदराच्या सैन्यानं हिंदुकुश ओलांडला तेव्हा सरपण नव्हतं, सैनिक ओझ्याच्या जनावरांचं मांस कच्चं खात होते, आणि त्या डोंगरांत मुबलक उगवणाऱ्या सिल्फियमनं ते पचायला मदत केली, असं स्ट्रॅबो सांगतो. लिबियातलं सिल्फियम हिंदुकुशात असणं शक्य नाही. तो हिंगाचाच कुणी जातभाई असणार.

मूळ सिल्फियमचा शोध अजून चालू आहे. इस्तंबूल विद्यापीठातले महमुत मिस्की यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात तुर्कस्तानातल्या हसन पर्वताच्या परिसरात उगवणारी फेरुला ड्रुडिआना ही अत्यंत दुर्मीळ जात म्हणजेच सिल्फियम असावी, असं मांडलं. नाण्यावरच्या चित्राशी तिचं साम्य खरंच लक्ष वेधून घेतं. पण हे सिद्ध झालेलं नाही, आणि लिबियापासून इतक्या दूर ती कशी, हा प्रश्न उरतोच.

हिंगाची वनस्पती नेमकी कोणती, हेही बराच काळ गोंधळाचं होतं. लिनियसनं १७५३ साली केंफरच्या वर्णनाच्या आधारे फेरुला असाफेटिडा हे नाव दिलं. पुढे १८४१ साली किझिलकुम वाळवंटात लेमान नावाच्या तरुण निसर्गसंशोधकाला दुसरी जात मिळाली, ती आज फेरुला फीटिडा म्हणून ओळखली जाते. बाजारातला बराचसा हिंग या दुसऱ्या जातीचा असतो. १८३८ साली काश्मीरच्या उत्तरेला अस्तोर खोऱ्यात ह्यू फाल्कनरला तिसरी सापडली, फेरुला नार्थेक्स. तिचं बी स्कॉटलंडला पोचलं आणि एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात ती १८५०च्या दशकाच्या अखेरीस फुलली, फळली. हिंगाच्या जातभाईचं फूल पाहायला एडिंबरोच्या लोकांना मिळालं ते हिंग विकत घेणाऱ्या मुंबईकरांच्या कितीतरी आधी.

मुंबई मात्र या व्यापाराचं मोठं ठाणं होती आणि आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत औषधी वनस्पतींवर काम करणाऱ्या विल्यम डायमॉकनं बाजारातल्या आबुशहरी आणि कंदाहारी हिंगाची नोंद केली आहे. पहिला बुशहर बंदरातून समुद्रमार्गे येई, दुसरा खैबर-बोलनच्या बाजूनं. हलक्या प्रतीच्या मालाला हिंगडा म्हणत आणि त्याचा भाव वेगळा असे. मुंबईत लालजी गोधू आणि कंपनी १८९४ साली सुरू झाली. तिची एल. जी. ही डबी आज कुठल्याही वाण्याकडे दिसते. मस्जिद बंदर भागातल्या मसाल्याच्या पेढ्यांवर आजही काबुली सफेद आणि लाल हे दोन शब्द ऐकू येतात, आणि जुने व्यापारी खडा हातात घेऊन नखानं खरवडतात, कडेचा रंग बदलतो का पाहतात, मग वास घेतात.

आपल्या डबीत येतो तो मात्र शुद्ध हिंग नसतो, आणि यात लपवाछपवी काही नाही. शुद्ध हिंग इतका उग्र आणि चिकट असतो की चिमटीनं घालणं कठीण. म्हणून तो मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि खाण्याचा डिंक यांच्यात बांधतात. हा बांधानी हिंग. उत्तर प्रदेशातलं हाथरस हे या कामाचं फार जुनं केंद्र आहे आणि तिथल्या हिंगाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. बांधानी हिंगात मद्यार्कात विरघळणारा अंश किमान पाच टक्के असला पाहिजे, असं अन्नसुरक्षेचं मानक आहे. तो अंश म्हणजे मुख्यतः राळ, म्हणजे डबीतला खरा हिंग. गव्हाची ॲलर्जी असलेल्या माणसानं तर डबीवरची घटकांची यादी वाचल्याशिवाय हिंग वापरू नये. बहुतेक डब्यांत गहू असतो. घरी खडा तपासायचा तर जुनी कसोटी अजून चालते. चमच्यात पेटवला की चांगला हिंग कापरासारखा जळतो.

हाथरसला आणि मुंबईला येणारा कच्चा माल सगळा बाहेरचा. अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तान. पालमपूरच्या सीएसआयआर-हिमालयन जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेनं २०२० साली दिलेल्या आकड्यांनुसार भारत वर्षाला सुमारे १,२०० टन कच्चा हिंग आयात करतो आणि त्यावर सुमारे १० कोटी डॉलर खर्च करतो. आता साधा हिशेब मांडून पाहू. १,२०० टन म्हणजे १२ लाख किलो. बेल्यूनं सांगितलेला सर्वांत मोठा उतारा, दोन पौंड, म्हणजे एका मुळाला किलोभरापेक्षा थोडा कमी. प्रत्येक मूळ इतकं उदार निघालं असं धरलं तरी वर्षाला १२ लाखांहून जास्त रोपं लागतात. प्रत्यक्षात बहुतेक मुळं त्याच्या काही अंशानंच देतात, तेव्हा खरी संख्या याच्या कितीतरी पट असणार. ही सगळी पाच ते दहा वर्षं वाढलेली, फुलायच्या बेतात आलेली रोपं. आणि हा फक्त आपल्या देशाचा वाटा.

डोंगर मोठे आहेत, पिढ्यानपिढ्या लोक चीक काढत आले आहेत आणि पूर्वी रोपं संपली नाहीत, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण पूर्वी सगळ्या मुळांपर्यंत पोचणं शक्य नव्हतं. जी दूर होती, कड्यावर होती, ती फुलत आणि खालच्या उतारांवर बी सोडत. आता ट्रक जिथपर्यंत जातो तिथपर्यंत बाजार जातो, आणि त्या मुलखात रोख पैसा देणारी दुसरी वस्तू फारशी नाही. कोवळी मुळंही चिरली जाऊ लागली की पुढच्या दहा वर्षांची फुलं एकाच हंगामात जातात.

म्हणून हिमाचल प्रदेशातल्या लाहौलमध्ये हिंगाच्या लागवडीचं जे चाललं आहे ते मला केवळ परकीय चलन वाचवण्याइतकं लहान वाटत नाही. २०१८ साली राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोमार्फत इराणहून हिंगाच्या बियांचे सहा नमुने पालमपूरच्या संस्थेकडे आले. पहिली अडचण रुजवणीचीच. शंभर बियांतलं एखादंच रुजतं, असा अनुभव. थंडीची मात्रा देऊन, झोप मोडून संस्थेनं रोपं तयार केली. १५ ऑक्टोबर २०२० रोजी संस्थेचे तत्कालीन संचालक संजय कुमार यांनी लाहौल खोऱ्यातल्या क्वारिंग गावात एका शेतकऱ्याच्या शेतात पहिलं रोप लावलं. शीत वाळवंट, कमी पाऊस, उताराची निचऱ्याची जमीन. फेरुलाला जे हवं ते तिथे आहे. त्याच वंशातली फेरुला येश्केआना ही जात त्या भागात पूर्वीपासून रानटी वाढते, ती हिंग देत नाही एवढंच. कोकण-देशावरच्या शेतकऱ्यानं मात्र या पिकाच्या नादी लागू नये. आपल्याकडचा पाऊस त्या मुळाला एका हंगामात कुजवून टाकेल.

२०२५च्या मे महिन्यात पालमपूरच्या संस्थेनं जाहीर केलं, की त्यांच्याकडे, सुमारे १,३०० मीटर उंचीवर, हिंगाचं रोप फुललं आणि त्याला बी धरलं. वर्तमानपत्रांत ही बातमी आत्मनिर्भरतेची म्हणून आली. मला त्यातला महत्त्वाचा शब्द 'बी' वाटतो. चीक काय, मूळ पुरेसं वाढलं की मिळेल. पण दर खेपेला इराणकडे बी मागावं लागलं तर ती लागवड नव्हे. इथल्या मातीत फुललेल्या रोपाचं बी इथे रुजलं, तरच हिंग या देशातलं पीक होईल.

आणि तिथून पुढची अडचण शेतकऱ्याची आहे. बटाटा आणि मटार दरवर्षी पैसे देतात. लाहौलचा शेतकरी त्यांवर जगतो. हिंगाच्या वाफ्याला पाच वर्षं हात लावायचा नाही. दरवर्षी शेताचा एक तुकडा लावत गेलं तर पाचव्या वर्षापासून दरवर्षी एक तुकडा काढणीला येईल, हे कागदावर बरोबर आहे. पण ती पहिली पाच वर्षं कुणीतरी भरून द्यायला हवीत. शिवाय प्रत्येक तुकड्यात काही रोपं न चिरता फुलायला सोडावी लागतील, चांगल्या वाढीची, जाड मुळांची, म्हणजे नेमकी तीच, ज्यांतून सर्वाधिक चीक निघाला असता. त्या रोपांच्या हिंगाचे पैसे शेतकऱ्याला कोण देणार, आणि कोणत्या दरानं, हे पहिलं मूळ चिरण्याच्या आधी ठरलेलं असायला हवं.